वेळ संपली, साहेब

मी सभागृहातल्या लांब टेबलावरची पितळी घंटी बोलतेय. वरून दाबलं की टिंग! पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीत माझी नेमणूक झाली. टेबलामागे लोकांनी निवडून दिलेली माणसं, त्यांच्या शेजारी पोलीसप्रमुख आणि समोर उभा तक्रारदार.

तक्रारदाराला बोलायला मोजकी मिनिटं. आमचे जुने अध्यक्ष भारी हुशार. तक्रारदार मारहाण करणाऱ्या पोलिसाच्या नावापर्यंत आला रे आला की यांचं बोट माझ्यावर! प्रमुखसाहेबांचं चऱ्हाट मात्र कितीही लांबो, मी गप्प. कितीतरी गोष्टींची सुरुवात मला पाठ होती, शेवट एकीचाही नाही. लोक जाताना माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे, की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग निवडणूक झाली आणि अध्यक्षांच्या खुर्चीत एक फटकळ बाई आल्या.

पहिल्याच सभेत शिवणकाम करणारी एक ताई उभी राहिली. तिच्या धाकट्या भावाचं पोलीस चौकीसमोर केस कापायचं दुकान. इन्स्पेक्टर म्हणाला, आधी माझी दाढी कर. भाऊ म्हणाला, हातातलं गिऱ्हाईक होऊ द्या. एवढ्यावरून त्याला चौकीत नेऊन त्याची बोटं मोडली.

"वर म्हणतात, जिन्यावरून पडला," ताई म्हणाली. "प्लास्टर निघालं, पण दुकान बंदच आहे. तो माणूस समोर दिसला की ह्याचा हात थरथरतो. थरथरत्या हातात वस्तरा कसा देऊ?"

तिची वेळ केव्हाच संपली होती. बाईंनी मला हात लावला नाही. ताईनं इन्स्पेक्टरचं नावही सांगितलं, अगदी शांतपणे.

प्रमुखसाहेब उठले. "चौकशी सुरू आहे. आमची माणसं ऊन-पाऊस न बघता..."

"चौकीला जिना आहे का?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे, इमारतीची एकंदर रचना पाहता..."

टिंग! मीच दचकले.

"वेळ संपली, साहेब. आहे की नाही?"

साहेबांनी कपाळ पुसलं. "नाही. बैठी आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग समितीचे हात वर झाले, काही जरा कुरकुरतच. इन्स्पेक्टर त्याच दिवशी निलंबित झाला आणि चौकशी खात्याबाहेरच्या न्यायाधीशाकडे गेली. हुकमावर सही साहेबांनाच करावी लागली.

ताई मागच्या बाकावर मटकन बसली आणि तिनं फोन लावला. "अरे, गेला तो! खरंच गेला. उद्या दुकान उघड. मी येते सकाळी, दोघं मिळून झाडून घेऊ." पलीकडून काय आलं कोण जाणे, ती रडत होती आणि हसतही होती. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

आता माझी स्प्रिंग सैल झालीय. कधी कधी टिंगऐवजी नुसतं टुक होतं. बाई नवी घंटी आणायची म्हणतात. आणू देत बापड्या. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्याकडच्या सभेत घंटी वाजली, की कुणाचं तोंड बंद झालं तेवढं बघत जा. आमच्यावर कुणाचं बोट पडावं, हे आमच्या हातात नसतं. ते तुमच्या हातात असतं.