देवव्रतच्या नावाचं पान

माणूस कधी ना कधी स्वतःचं नाव इंटरनेटवर शोधतोच, असं वरच्या मजल्यावरची गंधाली म्हणाली, म्हणून मी या भानगडीत पडलो. नाहीतर मला कसली आलीये हौस. माझा मुलगा देवव्रत माझ्याशी भांडून मुलुंडचं घर सोडून गेला आणि त्याने फोन नंबरही बदलला. गंधाली वेबसाइटच्याच धंद्यात, तिने त्याच्या नावाचं एक पान करून दिलं. वर त्याचा फोटो, खाली जयंतीने, म्हणजे त्याच्या आईने, सांगितलेली एकच ओळ: 'देवा, आई वाट बघतेय, ये.' नाव शोधलं की पहिलं तेच दिसायचं.

दिवाळीनंतर बघतो तर आमचं पान पार मागे गेलेलं. पुण्यात आमच्याच नाव-आडनावाचा दुसरा कुणी देवव्रत कर्णिक जिम चालवतो. तो लेकाचा रोज दंड फुगवून नवे फोटो टाकतो, त्यामुळे जिथे बघावं तिथे तोच. मी रोज सकाळी पानावरची तारीख बदलायला लागलो, पण ढिम्म फरक पडेना. शेवटी गंधालीला जिन्यातच गाठलं.

"अण्णा, तारखेला ते फसत नाही," ती म्हणाली. "सर्चचं यंत्र येऊन पान वाचतं, मागच्या वेळच्या मजकुराशी ताडून बघतं. सगळं तेच दिसलं की फिरकणंच कमी करतं. खरंच काहीतरी नवीन लिहा ना."

"काय लिहू? कुकर बिघडला ते?"

"लिहा की. घरची काही बातमी लिहा," म्हणाली आणि तिने एकदम जीभ चावली.

कारण घरची बातमी एकच होती. जयंती गणपतीच्या आधी गेली. पानावर मात्र मी तिला वाट बघत ठेवलं होतं, मुद्दामच. पोरगा आला तर आईसाठी येईल. माझ्यासाठी कशाला तंगडतोड करेल तो?

मग मी लिहीत सुटलो. कुकर बिघडला, आई म्हणते नवा घेऊ. सोसायटीने आंबा तोडला, आई दिवसभर जेवली नाही. पान वर सरकायला लागलं, आणि मला रिकाम्या घरात तिचा आवाज ऐकू यायला लागला. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एका दुपारी 'आई म्हणते' एवढं टाइप केलं आणि पुढे काही सुचेना. उद्या हा खरंच आला, दारातच 'आई कुठाय' म्हणाला, तर? मी बसून सगळं पुसलं आणि नव्याने लिहिलं.

रविवारी गंधालीने फोन माझ्यापुढे धरला. पान पहिलं आलं होतं. देवव्रतच्या नावाखाली लिहिलं होतं: 'देवा, आई गेली. आता घरात मी एकटाच आहे. दार मी उघडलं तर चालेल का?'