मिस्त्रींचा कान

"असं सांगून कळत नाही बाई. तोंडाने वाजवून दाखवा."

मिस्त्रींनी हे वाक्य आयुष्यात इतक्यांदा म्हटलं होतं की ते म्हणताना समोरच्याकडे बघायचीही त्यांना गरज वाटत नसे. आत्ताही ते चिंधीने बोटं पुसत होते आणि पांढऱ्या गणवेशातली नर्सबाई आपल्या छोट्या गाडीला टेकून उभी होती. ब्रेक दाबला की गाडीतून विचित्र आवाज येतो, एवढंच सांगून तिला वाटलं होतं की तिचं काम झालं. पण मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये असं चालत नसे. तिथे गिऱ्हाइकाने आधी आवाज तोंडाने काढून दाखवायचा, मग मिस्त्री गाडीला हात लावणार. नियम म्हणजे नियम.

या नियमात दुखणं कळण्याइतकाच माणसाची फजिती बघण्याचाही भाग होता, हे मिस्त्रींनी स्वतःशी कधीच नाकारलं नव्हतं. बँकेतला एक साहेब आधी इकडेतिकडे बघून घेई आणि मग मांजराच्या पिल्लासारखं काहीतरी पुटपुटे. एक वकील घर्र म्हणे, ठक् म्हणे, आणि शेवटी 'दोन्हींच्या मधलं काहीतरी' असं म्हणून मोकळा होई. एका प्राध्यापकाने तर आवाज केव्हापासून येतो, का येत असावा, यावर पाऊण तास घेतला आणि आवाज काही काढला नाही. मिस्त्रींच्या मते गाडी चालवणाऱ्या शंभरांतल्या नव्वद जणांना सायकलसुद्धा देऊ नये, आणि उरलेल्या दहांना द्यावी ती घंटी काढून.

नर्सबाई मात्र लाजली नाही. तिने मान किंचित वर केली आणि दातांच्या फटीतून आवाज काढला, "च्चीऽऽ."

"उंदीर सापडला का चाकात?"

"याहून बारीक आहे. माझ्या गळ्यातून तेवढा बारीक निघत नाही."

"गाडीच्या गळ्यातूनही निघत नसतो. बसा."

मिस्त्रींनी काचा खाली केल्या, नर्सबाईला तोंड बंद ठेवायला सांगितलं आणि गाडी गल्लीतून मोठ्या रस्त्यावर काढली. त्यांचा एक डोळा मिटलेला होता. कान लावून ऐकताना ते नेहमी एक डोळा मिटत. या कानाने त्यांना नाव दिलं होतं. एके काळी गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की आत बसल्या बसल्या ते सांगत, 'मागचं डावं चाक, बेअरिंग गेलंय', आणि गाडी दारात येऊन उभी राहीपर्यंत जॅक बाहेर निघालेला असे. लोक लांबून येत ते याच कानासाठी. मिस्त्रींना शिक्षण नव्हतं, रूप नव्हतं, बोलण्यात गोडवा तर नावाला नव्हता. कान होता.

त्यांनी ब्रेक दाबला.

"हा! आला," नर्सबाई म्हणाली.

त्यांनी पुन्हा दाबला, मग जोरात, मग अलगद.

"प्रत्येक वेळी येतोय, मिस्त्री."

"काही येत नाही." त्यांनी गाडी वळवली. "बाई, तुम्हाला दिवसभर आजारी माणसं बघायची सवय. म्हणून चांगल्या गाडीलाही ताप चढल्यासारखा वाटतो. गाडी तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे. घरी जा आणि झोप काढा."

"चाक उघडून तरी बघा."

"आवाज असता तर उघडलं असतं. उगाच चाकं उघडत बसायला मी काय समोरचा दहा नंबर आहे?"

दहा नंबर म्हणजे रस्त्यापलीकडच्या चकचकीत गॅरेजचा मालक. पंधरा वर्षांपूर्वी तो मिस्त्रींच्याच हाताखाली होता. कोणताही पाना मागितला तरी दहा नंबरचाच पाना आणून द्यायचा, म्हणून मिस्त्रींनी त्याचं हे बारसं केलं. आता त्याच्याकडे फरशी होती, गिऱ्हाइकांना बसायला खुर्च्या होत्या आणि गाडीला वायर जोडून दुखणं सांगणारं यंत्र होतं. मिस्त्री दिवसातून चार वेळा तरी तिकडे बघून नाक मुरडत. ज्याला स्वतःला काही ऐकू येत नाही तो यंत्राला विचारतो, असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, आणि दहा नंबरला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगत.

नर्सबाई निघून गेली. गेल्या काही महिन्यांत असं तिसऱ्यांदा की चौथ्यांदा झालं होतं. लोक नसलेले आवाज घेऊन येत होते. मिस्त्रींनी याचं कारणही शोधून ठेवलं होतं. लोकांची डोकी बिघडली होती.

घरीही तेच. बायको हल्ली प्रत्येक गोष्ट ओरडून सांगायची. जेवताना तिने ताट समोर आदळल्यासारखं ठेवलं आणि म्हणाली, "अहो, फोन वाजतोय तुमचा! कधीचा वाजतोय!"

"वाजत असता तर ऐकू आला नसता का? आणि तू काय बाजारात उभी आहेस, एवढी ओरडतेस ती?"

"दोन वर्षं ओरडतेय. हौस म्हणून का?"

मिस्त्रींनी खिशातून फोन काढला. पडद्यावर कुणाचं तरी नाव उजळलं होतं. त्यांनी फोन उलटा करून ठेवला आणि आजकालचे फोनही बिनकामाचे निघतात, असं ठरवून जेवायला लागले.

आठ दिवसांनी नर्सबाई परत आली. या वेळी तिने गाडी थेट जॅकच्या शेजारी आणून लावली आणि खाली उतरून चावी मिस्त्रींच्या हातात ठेवली.

"काल आमच्या दवाखान्याच्या उतारावर ब्रेक लागायला वेळ लागला," ती म्हणाली. तिचा आवाज जराही चढलेला नव्हता, आणि त्याचीच मिस्त्रींना जास्त चीड आली. "समोर व्हीलचेअर होती. पेशंटला बाहेर आणत होते. हातभर अंतर राहिलं, मिस्त्री. चाक उघडा. मी इथे उभी आहे."

"उघडतो. म्हणजे तुमची खात्री पटेल आणि माझा जीव सुटेल."

त्यांनी नट सैल केले, जॅक लावला, पुढचं उजवं चाक ओढून काढलं आणि ते बाजूला टेकवत असताना बोलतच होते, की हल्ली लोकांना ब्रेक दाबायचे कळत नाही, पायात जोर नाही. मग ते ब्रेकच्या चकतीशी वाकले आणि बोलायचे थांबले.

ब्रेक पॅड झिजून नखाएवढा उरला होता. त्याच्या कडेला एक लहानशी लोखंडी पत्ती असते. ती तिथे एकाच कामासाठी बसवलेली असते. पॅड संपत आला की ती चकतीला घासावी, किंचाळावी आणि चालवणाऱ्याला सावध करावं. ती पत्ती चकतीला टेकली होती. तिचं टोक घासून घासून आरशासारखं चमकत होतं. आठ दिवसांचं नव्हे, महिन्याभराचं घासणं होतं ते.

मिस्त्रींनी तिच्यावर अंगठा फिरवला. ही पत्ती वाजत नाही असं होऊच शकत नव्हतं. ती वाजण्यासाठीच जन्माला आलेली होती.

"काय दिसतंय?" नर्सबाईने विचारलं.

मिस्त्रींनी चाक पुन्हा बसवलं.

"अहो, पॅड बदलला नाहीत!"

"बदलतो. एक चक्कर मारून येतो आधी. गल्लीतल्या गल्लीत."

ते एकटेच गाडीत बसले. काचा खाली केल्या, एक डोळा मिटला. गाडी पायी चालल्याच्या वेगाने पुढे नेली आणि ब्रेक दाबला. टायरची खरखर आली. सीटची स्प्रिंग कुरकुरली. पलीकडे कुठेतरी हातोडा पडत होता. बाकी काही नाही. त्यांनी पुन्हा दाबला. काही नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातला शिंपी मात्र शिलाईवरून मान वर करून बघत होता. मिस्त्रींनी तिसऱ्यांदा ब्रेक दाबला आणि शिंप्याने तोंड वाकडं करून एका कानावर हात ठेवला.

मिस्त्रींना भीती वाटली. गाडीखाली जॅक घसरला होता तेव्हाही वाटली नव्हती इतकी.

गाडी तशीच नेऊन त्यांनी दहा नंबरच्या फरशीसमोर उभी केली. पंधरा वर्षांत ते हा रस्ता ओलांडून कधी आले नव्हते. दहा नंबर धावतच बाहेर आला.

"मिस्त्री, तुम्ही? या ना आत, बसा."

"तूच बस. गाडीत."

चाळिशीचा, पोट सुटलेला, स्वतःचं गॅरेज असलेला तो माणूस निमूटपणे शेजारी येऊन बसला. मिस्त्रींनी गाडी थोडी पुढे नेली. या वेळी त्यांनी डोळा मिटला नाही, मान वळवून त्याच्याकडे बघत ब्रेक दाबला. दहा नंबरच्या पापण्या आवळल्या गेल्या. अगदी जराशा, पण आवळल्या.

"वाजलं?"

दहा नंबरने समोर बघितलं. "नाही मिस्त्री. काही नाही वाजलं."

"पुन्हा ऐक."

त्यांनी पुन्हा दाबला.

"नाही. चांगली आहे की गाडी."

"खोटारड्या!" मिस्त्रींनी स्टिअरिंगवर मूठ आपटली. "पत्ती घासतेय पत्ती! मी बघून आलोय या डोळ्यांनी! माझ्या तोंडावर खोटं बोलतोस? दहाचा पाना आणणारा तू, तू मला सांभाळून घेणार?"

दहा नंबर मान खाली घालून बसला. मग तो हळू बोलला, पण तोंड मिस्त्रींकडे करून, एकेक शब्द सुटा सुटा बोलला, जसं हल्ली त्यांची बायको बोलायची. "मला माहीत आहे मिस्त्री. चार महिने झाले. तुम्ही आवाज नाही म्हणून परत पाठवलेली माणसं माझ्याकडे येतात. मी पॅड बदलून देतो आणि सांगतो, मिस्त्रींचं बरोबर होतं, नुसती धूळ होती. ही बाई आली नाही माझ्याकडे. आली असती तर—"

"तर तिलाही तेच सांगितलं असतंस."

"हो."

मिस्त्रींना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. ज्याला त्यांनी सगळ्या वस्तीसमोर दीडदमडीचा ठरवला होता, तो चार महिने त्यांची अब्रू झाकत बसला होता, आणि ते त्याच्याच फरशीकडे बघून नाक मुरडत होते. ही दया त्यांना शिवीपेक्षा जास्त लागली. आणि या दयेपायी, या कानाच्या माजापायी, काल एक व्हीलचेअर हातभर अंतराने वाचली होती. त्यांना स्वतःची किळस आली. जी गिऱ्हाइकं तोंडाने चीं चीं करून दाखवत होती ती सगळी शहाणी होती. मूर्ख एकच होता, आणि तो चिंधीने हात पुसत त्यांना हसत होता.

"उतर," ते म्हणाले. दहा नंबर उतरला तेव्हा त्यांनी खिडकीतून त्याला हाक मारली. "आता कुणी माझ्याकडून तुझ्याकडे आलं तर खरं सांगायचं. मिस्त्रीला ऐकू आलं नाही, असं सांगायचं."

"असं कसं सांगू मी—"

"सांगायचं."

परत आल्यावर त्यांनी दोन्ही पुढची चाकं काढली. डावीकडची पत्तीही तशीच होती. त्यांनी जुने पॅड काढले, चकत्या बोटांनी चाचपल्या, पॅड धरणारे कॅलिपर साफ केले, पिनांना वंगण लावलं आणि नवे पॅड असे बसवले की मध्ये कागदही सरकला नसता. हात तेच होते. हातांत काही कमी झालं नव्हतं. नर्सबाई शेजारी उभी राहून बघत होती. शेवटचा नट आवळून झाल्यावर ती म्हणाली, "मिस्त्री, कान तपासून घ्या. तुमच्या कामात असं होतं. रोजचं ठोकणं, कॉम्प्रेसर. बारीक आवाज आधी जातात."

"तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं?"

"शंका आली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं."

मिस्त्रींनी चिंधी उचलली, परत ठेवली, आणि गाडीच्या उजव्या दारापर्यंत जाऊन थांबले. मग वळसा घालून डावीकडे गेले आणि चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसले. स्वतःच्या गॅरेजमध्ये ते या सीटवर कधी बसले नव्हते.

"तुम्ही चालवा," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही. तुम्ही ऐका आणि मला सांगा."

नर्सबाईने गाडी गल्लीत काढली. शिंप्याच्या दुकानासमोर तिने ब्रेक दाबला. मिस्त्री रस्त्याकडे बघत नव्हते.

"नाही आला," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

"पुन्हा दाबा."

तिने पुन्हा दाबला. शिंपी मान खाली घालून शिवत होता. तरीही मिस्त्री दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत प्रश्न विचारलेल्या मुलासारखे, तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.