आडावरचं चित्र

चित्राला अक्षरांची गरज नसते, चित्र लहानथोर सगळ्यांना एकसारखं कळतं, असं जगदेव पेंटरचं ठाम मत होतं. दुसरं मत होण्याची सोयही नव्हती, कारण त्याला वाचता येत नव्हतं.

शेलूबाजारला तंबूतला सिनेमा येई, तेव्हा त्याच्या जाहिरातीचे पत्रे जगदेव रंगवी. विझलेला दिवा म्हणजे कुणीतरी मरणार, फुटकी बांगडी म्हणजे नायिका विधवा होणार, कोपऱ्यात नाग म्हणजे दीर वाईट. एवढं आसपासच्या खेड्यांना पाठ होतं. दिवा आणि बांगडी दोन्ही दिसली की बायका रडायच्या तयारीनंच येत.

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात गावात पटकी आली. तंबू बंद झाला. बाजारातल्या आडाचं पाणी वाईट ठरलं, तशी नोटीस आडावर डकवली गेली, आणि लोक नोटिशीला टेकून पाणी पीत राहिले. तेव्हा लस टोचायला आलेल्या डॉक्टरांनी जगदेवला बोलावलं.

जगदेवनं जीव ओतला. त्याला वाढवणारी थोरली बहीण, सोजरबाई, त्याच आडावर पाणी भरत होती. दुसरी विहीर नाल्यापल्याड, आणि तिचे गुडघे गेलेले. त्यानं सहाफुटी पत्र्यावर आड काढला, रहाटाला नाग गुंडाळला, काठावर घागर घेतलेली बाई, पायाशी फुटक्या बांगड्या, वर विझलेला दिवा. बाईला चेहरा सोजरबाईचा दिला. शाळामास्तरांकडून खाली लिहूनही घेतलं: हे पाणी पिऊ नका.

बाजाराच्या दिवशी आडावर ठोकलेल्या पत्र्यासमोर ही गर्दी. कुणीतरी खालचं वाचून दाखवलं. नाव जरा लांबट आहे, पण खेळ सामाजिक दिसतो, असं सर्वानुमते ठरलं. तिकिटाची चौकशी सुरू झाली. हा खेळ नाही, मरण आहे, असं जगदेव घसा फोडून सांगत होता. ते दिव्यावरून समजलंच, असं लोक म्हणाले.

सोजरबाई पुढेच उभी होती. आपला चेहरा पाहून तिला भरून आलं होतं.

"बाई, हा सिनेमा नाही. हे पानी पेऊ नको," जगदेव म्हणाला.

"तूच त सांगतं ना, दिवा इझला म्हणजे शेवटी रडू येते," ती म्हणाली. "मले फकस्त सांग जगदेवा, कवा लागून राह्यला?"

दुपार झाली तरी तंबू उघडेना. ऊन मी म्हणत होतं. वाट पाहणाऱ्यांना तहान लागली, आणि पाणी हाताशी होतं. सोजरबाईनं आपली घागर सगळ्यांत फिरवली. चित्रातली बाई ती, मान तिचा. शेवटी तीही प्यायली.

तिसऱ्या दिवशी ती गेली. त्या गर्दीतले आणखी अकरा जण गेले. तिची माती करून जगदेव सरळ आडाकडे आला. खिळे उपटून त्यानं पत्रा काढला, चित्राची बाजू पाण्याकडे करून आडाच्या तोंडावर टाकला आणि वर चार दगड ठेवले.

त्या दिवसापासून तिथलं पाणी कुणी प्यायलं नाही. पत्रा मापात बसला होता.