बाबांनी भरलेली टाकी

एका गावात, चढावरच्या अरुंद गल्लीत, तिघांचं घर होतं. घरात बाबा होते, बाबांचा मुलगा होता, मुलाची बायको होती. आणि दारात मी होते. मी त्यांची पांढरी गाडी बोलतेय. मला आवाज आहे तो नुसता हॉर्नचा, आणि तोही कुणी दाबेल तेव्हाच. त्यामुळे पाहिलेलं, ऐकलेलं सगळं पोटात राहिलं. आज ते ऐकून घ्या.

बाबांचा सारा जन्म बस चालवण्यात गेला. नोकरी संपून ते घरी बसले, पण हात काही घरी बसले नाहीत. जेवताना गप्पांत रंगले की हात आपोआप गिअर शोधायचा. कुणाचीही गाडी घेतली तर टाकी भरून परत द्यायची, हा त्यांचा नेम. शेजाऱ्याची स्कूटर कोपऱ्यावर नेली तरी भरून आणायचे. शेजारी हसून म्हणायचा, "बाबा, रोज नेत जा की!"

मुलगा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. सून दवाखान्यात नर्स होती. तिला बाळंतिणींना घरोघर जाऊन तपासायचं काम हवं होतं. त्या कामासाठी गाडी चालवता यायला हवी, लायसन्स हवं. नवऱ्यापाशी शिकायला बसली की पहिल्याच वळणावर दोघांचं वाजायचं. शेवटी बाबा म्हणाले, "चल गं माझ्याबरोबर. मी बस भरभरून माणसं सांभाळली, तू तर एकटीच आहेस."

"क्लच सोड... अगं, फेकतेस काय! झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात कसा काढतेस?"

"हळूच, बाबा."

"मग तस्साच पाय काढ."

त्या दिवसापासून मी आचके देणं थांबवलं.

मुलाचा माझ्यावर भारी जीव. माझ्या इंजिनाला टर्बो आहे. म्हणजे जो धूर मी मागून सोडून मोकळी झाले असते, त्याच्याच जोरावर एक पंखा फिरतो आणि माझ्या छातीत जादा हवा कोंबतो. एवढं असून पोराचं मन भरेना. आधी मोठी काळी चाकं आली, त्यावर पट्टीसारखे पातळ टायर. मग माझे स्प्रिंग काढून आखूड, कडक स्प्रिंग घातले. मी जमिनीला टेकल्यासारखी झाले. वाटेत खडा आला तरी बसणाऱ्याच्या कमरेला कळावं! बाबा आत बसायचे ते एक हात माझ्या छताला आणि दुसरा स्वतःच्या गुडघ्याला लावून. "काय रे, गाडी घेतलीस का चटई?" असं म्हणायचे, आणि आवाज हसरा ठेवायचे. गुडघा किती दुखतोय ते माझ्या दाराला कळायचं, मुलाला नाही.

आणि मग पेट्रोलऐवजी उसाच्या मळीपासून बनवलेलं इथेनॉल आलं. गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणायचे, कारण तो आधी मला लॅपटॉपची वायर लावायचा आणि मगच तोंड उघडायचा. त्यानं इंधनाचे मोठे नोझल बसवले, टर्बोचा दाब वाढवला, ठिणगीची वेळ अलीकडे ओढली. मुलाला म्हणाला, "हे सगळं इथेनॉलवर सोसेल. साधं पेट्रोल टाकायची वेळ आली तर आधी माझ्याकडे आण, जुनी सेटिंग घालून देतो. तोवर पाय हलका. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेव."

"सांगतो ना."

सांगितलं नाही. सांगायचं तर चाकांचं, स्प्रिंगचं, सगळंच निघालं असतं, आणि बायको म्हणाली असती, "अजून?" घरी त्यानं ह्याला सर्व्हिसिंग म्हटलं होतं. मलाही तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. अंगात असं बळ आलं होतं की मी चटावले होते हो. सिग्नलला लोक वळून बघायचे आणि मी फुगायची.

लायसन्सची परीक्षा जवळ आली म्हणून एका संध्याकाळी बाबा सुनेला दूरवर सरावाला घेऊन गेले. येताना पंपावर थांबले आणि नेमाप्रमाणे टाकी काठोकाठ भरली. साध्या पेट्रोलनं. मी लगेच खोकायला लागले, मागून काळा धूर. "हिला सर्दी झाली वाटतं," बाबा म्हणाले. "दमानं घे पोरी, जोर देऊ नको." तिनं मला अलगद घरी आणलं. एवढ्यानं माझं काहीच बिघडलं नव्हतं. हे नीट ध्यानात ठेवा.

सकाळी मुलगा बसला, शेजारी दुकानातला दोस्त. टाकीचा काटा पार वर. मुलगा काट्याकडे बघतच राहिला. बाबांनी साधं पेट्रोल भरलंय, हे त्याला कळलं. पण दोस्त म्हणाला, "दाखव की रे तुझा टर्बो, नुसतीच बढाई!" मुलगा पुटपुटला, "आत थोडं इथेनॉल होतंच की... चालून जाईल." आणि गावाबाहेरच्या चढावर त्यानं पाय खाली दाबला.

छातीत कुणी खिळे ठोकावेत तसं झालं मला. टक टक टक टक.

"कसला रे आवाज?" दोस्तानं विचारलं.

"हिचा असाच आहे."

त्यानं ऐकलं होतं. पाय तरी काढला नाही. माझा पिस्टन तडकला आणि मी भर चढावर थांबले. अजून वाटतं, मी पायथ्याशीच बंद पडायला हवं होतं. ताकदीचा तोरा मलाही होताच.

मला दोरीनं ओढत घरी आणलं तेव्हा बाबा दारातच होते. "काय झालं रे?"

"इंजिन गेलं."

"काल मी टाकी भरली होती... त्यानं तर नाही ना?"

"हिला आता इथेनॉल लागतं, बाबा. साधं पेट्रोल चालत नाही."

"म्हणजे माझ्यामुळे गेली."

आता एकच वाक्य बोलायचं होतं त्यानं. तो चपला काढायला खाली वाकला. सून म्हणाली, "अहो, पण आम्ही तर हळूच आणली होती." तो घाईघाईनं म्हणाला, "झालं ते झालं. जेवायला वाढ."

बाबांचं त्या दिवसापासून काहीतरी मोडलं. पंपावर विचारायला हवं होतं, चूक आपलीच, असं येईल त्याला सांगत सुटले. शेजाऱ्यानं सरावाला स्वतःची गाडी देऊ केली तर हातच मागे घेतले. सुनेला म्हणाले, "तू दुसरा मास्तर बघ. माझ्या हातांचं आता काही खरं नाही." ती रडकुंडीला आली, पण म्हातारा हलेना. मुलगा भाजी चिवडत बसायचा आणि उठून जायचा.

माझं इंजिन डॉक्टरांनी उघडलं. बाबा रोज गॅरेजात यायचे, स्टुलावर बसून रॉकेलच्या ट्रेमध्ये माझे बोल्ट धुवायचे. कुणी सांगितलं नव्हतं. "बाबा, राहू द्या, पोरं करतील," डॉक्टर म्हणायचे. बाबा ब्रश घासत राहायचे. मुलगा दुकानातून परस्पर यायचा आणि बापाची ती वाकलेली पाठ बघून माझ्या पलीकडे जाऊन उभा राहायचा. मी कितीशी उंच? लपणार कुठे तो!

एके दिवशी बाबा सहज बोलल्यासारखं बोलले, "माझ्या लायसन्सची मुदत संपतेय. म्हटलं, आता वाढवून घ्यायचं नाही. आज गाडी गेली, उद्या कुणाच्या जिवावर बेतायचं."

मुलाच्या हातातला पाना खाली पडला.

"बाबा, तुम्ही नाही मोडलीत. मी मोडली."

ब्रश थांबला.

"टाकी भरलेली दिसली होती तुला?"

"दिसली होती."

"आवाज आला होता?"

"आला होता. तरी दाबत राहिलो. तुम्हाला कुणाला सांगितलंच नव्हतं, आणि मग... तुम्ही स्वतःवर घेतलंत ते मी घेऊ दिलं."

डॉक्टर उगाचच दुसऱ्या गाडीखाली शिरले.

बाबांनी ओले हात फडक्याला पुसले. ओरडतील असं वाटलं मला. त्यांनी रॉकेलचा ट्रे उचलून मुलाच्या हातात दिला. "आता तू धू," म्हणाले, आणि घरी निघून गेले. मुलगा काळोख पडेपर्यंत बोल्ट धूत बसला. त्याच्या डोळ्यांचं पाणी रॉकेलमध्ये पडत होतं.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांना म्हणाला, "जुने स्प्रिंग बसवा. साध्या पेट्रोलची सेटिंग घाला."

"टर्बोचा दाब?"

"कंपनीचा होता तेवढाच."

"चाकं तरी ठेवशील?"

त्यानं काळ्या चाकावरून एकदा हात फिरवला. "नको. तीही काढा."

मी घरी आले ती पहिल्या उंचीची होऊन. बाबांनी दार उघडलं आणि छताला हात न लावता आत बसले. गुडघा वाकवून, सरळ करून बघितला. मुलाशी अजून अबोला होताच. घराकडे बघून हाक मारली ती सुनेला. "ये गं. परीक्षा तोंडावर आलीय आणि तू चहा कसला पितेस!"

ती पास झाली, बरं का. तिला बाळंतिणींचं काम मिळालं, आणि बाबांनी लायसन्सची मुदत वाढवून घेतली. दवाखान्यातल्या आणखी दोघी नर्सही त्यांच्याकडे शिकायला यायला लागल्या.

माझी आपली एकच विनवणी आहे: गाडीत काय बदललंत ते घरच्यांना सांगत जा. आम्हाला नाही हो सांगता येत.

परवा तिघं मिळून बाहेर निघाले. सून चालवत होती, बाबा शेजारी, मुलगा मागे. गावाबाहेरचा तो चढ आला तशी त्याची मान खाली गेली. पण खोड जाते थोडीच! तो बोललाच, "अगं, गिअर खाली घे."

"मागे बसलेल्यानं गप्प बसायचं," बाबा म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते त्याच्याशी बोलले होते. मग आरशात त्याच्याकडे बघून हळूच म्हणाले, "वर पोचलो की पुढे गाडी तू चालव. मी मागे बसतो."