सासूबाईंचं ताट

लग्नाच्या वेळी वेंकोबाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, असं त्याची बायको नागरत्ना सांगायची तेव्हा कुणालाच ते खरं वाटत नसे. म्हैसूरच्या आपल्या शिवणकामाच्या दुकानात तो दिवसभर मशीनवर मान खाली घालून बसे. त्याचं तोंड उघडलं ते गणपतीच्या मांडवात. त्या दिवशी कीर्तनकार आलेच नाहीत, माणसं उठून जायला लागली, तेव्हा कुणीतरी वेंकोबाला पुढं ढकललं. काय बोलावं सुचेना, म्हणून बायकोचं भाजीवालीशी सकाळी झालेलं भांडण त्यानं सांगितलं. निम्मं मराठीत, निम्मं कन्नडमध्ये. लोक हसून हसून लोळले.

मग लग्नघरं झाली, शाळांची संमेलनं झाली, पुढं रेडिओ आला. मेटगळ्ळीच्या कारखान्यातले कामगार आणि वरुण्याहून दूध घेऊन येणारे गवळी त्याला रस्त्यात थांबवून म्हणत, "वेंकोबा, काल वहिनींनी काय केलं?" नागरत्नाला त्याचा राग नव्हता. रात्री काजं करता करता ती दिवसभराचं बोले, तो ऐके, आणि आठवड्यानं तेच गावभर होई. आपल्या बोलण्यावर एवढी माणसं हसतात याचा तिला अभिमानच होता.

एक गोष्ट मात्र तिनं हसण्यासाठी सांगितली नव्हती. ती तापानं आजारी असताना, वेंकोबा उशाशी बसला असताना सांगितली होती. तिचे वडील ती लहान असतानाच एका नाटक कंपनीबरोबर निघून गेले, ते परत आलेच नाहीत. सोसले या माहेरच्या गावी तिची आई सोयराबाई रोज त्यांचं ताट वाढून ठेवी, पाण्याचा तांब्या भरून ठेवी, आणि अन्न निवलं की तेच ताट पुढं ओढून जेवी. अजूनही. हे ऐकताना वेंकोबाच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या कार्यक्रमात त्याला मोठ्या मैदानावर बोलावलं. रेडिओवरून सगळीकडे ऐकू जाणार होतं. नागरत्ना बायकांत पुढं बसली होती. वेंकोबानं सुरुवात केली, "आमच्या सासूबाईंचा नवरा पळाला, पण त्याचं ताट नाही पळालं." पहिल्यांदा तिला नीट कळलंच नाही. मग तो वाकून ताट वाढू लागला, रिकाम्या पाटाला "आणखी थोडा भात?" असं विचारू लागला, आणि आवाजही हुबेहूब तिच्या आईचा काढला. शेजारच्या वनजानं हसत तिच्या मांडीवर थाप मारली. "तुझ्या आईचं असं आहे होय गं?" नागरत्नाही हसली. चार बायका बघत असताना दुसरं काय करणार?

घरी आल्यावर तिनं विचारलं, "हे का सांगितलंत?"

"अगं, सुम्ने सांगितलं, उगाच आपलं. नाव कुठं घेतलं? लोक किती हसले, बघितलंस ना?"

"त्या दिवशी तुम्ही रडला होता."

"खरंच रडलो होतो." त्यानं सदरा खुंटीला अडकवला. "तेव्हाच कळलं, गोष्ट चांगली आहे."

सकाळच्या बसनं ती सोसल्याला गेली. सोयराबाई तांदूळ निवडत होती. जावयाचा कार्यक्रम म्हणून शेजाऱ्यांनी रेडिओ ओट्यावर आणून ठेवला होता, तिला मध्ये बसवून सगळ्यांनी ऐकलं होतं.

"सगळे हसले, मीही हसले," सोयराबाई म्हणाली. "जावईबापूंचा मान राखायला हवा." मग तांदळावरची नजर न काढता तिनं विचारलं, "तू सांगितलंस?"

नागरत्नानं होकाराची मान हलवली. आई एका शब्दानं रागावली नाही. पण त्यानंतर तिनं मनातलं म्हणून लेकीला काही सांगितलं नाही.

वेंकोबानं पुन्हा ती गोष्ट सांगणार नाही असा शब्द दिला. नागरत्ना त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली, आणि त्याच्या नव्या गोष्टी आटल्या. जुन्यांवर तो चालवत राहिला. लोकांचं प्रेम काही कमी झालं नाही.

काही वर्षांनी त्याचा सत्कार झाला. शाल, हार, आणि पहिल्या रांगेत नागरत्ना. मागून मागणी आली, "सासूबाईंचं ताट." मग सगळं सभागृह तेच म्हणू लागलं. वेंकोबानं तिच्याकडे पाहिलं. तिनं हळूच मान हलवून नको म्हटलं. तो माईकजवळ गेला आणि म्हणाला, "आमच्या सासूबाईंचा नवरा पळाला..."

ती उठली आणि मधल्या वाटेनं चालत निघाली. तो तिचा अभिनयच आहे असं वाटून लोक आणखी मोठ्यानं हसले. बाहेर येऊन तिनं सोसल्याची बस धरली.

पंधरवड्यानं वेंकोबा तिकडे आला. सोयराबाईनं पाट मांडला, कॉफी दिली, जावयाचं सगळं रीतसर केलं आणि आत गेली. नागरत्ना खिडकीपाशी कुणाच्या तरी परकराला टीप घालत होती. त्यानं कॉफीचा पेला बाजूला ठेवला.

"रत्ना, काहीतरी बोल."

"बोललेलं तुम्ही घेऊन जाता," ती म्हणाली, आणि दोरा दातानं तोडला.