वाहरामच्या कॉफीचा साका

मी जझवे बोलतोय. तिसऱ्या दालनात, खिडकीखालच्या काचेच्या पेटीत बसलेला, तांब्याचा, लांब दांड्याचा, कॉफी उकळायचा जझवे. पुढे जे सांगणार आहे ते अक्षर न् अक्षर खरं आहे. माझ्या पोटातल्या कल्हईची शपथ!

आता कल्हई म्हणाल, तर ती उडून सोळा-सतरा वर्षं झाली. पण शपथ घ्यायला भांड्यापाशी दुसरं असतं काय?

माझा जन्म ग्युम्री शहरातला. भूकंपात कोसळलेल्या चर्चची घंटा वितळवून म्हाताऱ्या तांबटाने मला घडवलं. निदान कैक वर्षं मी सगळ्यांना तसंच सांगत आलो. मग कळलं की घंटा काशाची असते. तेव्हा खरं ते सांगतो, बंद पडलेल्या कापडगिरणीतलं भंगार होतं ते. तांबट सगळे जझवे एकाच मापाचे घडवायचा आणि प्रत्येकाच्या कुशीवर तेच फिरत्या सूर्याचं चिन्ह ठोकायचा. त्यामुळे आमच्या या डोंगरातल्या गावात दर तिसऱ्या घरी माझा सख्खा भाऊ सापडेल. हे मात्र खरं आहे, आणि घात झाला तो यानेच.

मला बाजारातून आणलं पेर्चुहीने. पेर्चुही या संग्रहालयाची दालनं उघडते, गालिचे झटकते, शाळेची मुलं आली की "हात मागे!" म्हणून ओरडते. पण तिचं खरं राज्य मागच्या खोलीत, विजेच्या शेगडीपाशी. तिथे मी बारा वर्षं तिच्या हाताखाली काढली. एकदा एक सेनापती माझी कॉफी पिऊन म्हणाले, "असा फेस मी राजधानीतसुद्धा पाहिला नाही." सेनापती म्हणजे... चित्रं टांगायला येणारा सुतार ओनिक. पण मिशा सेनापतीच्याच होत्या.

चव्वेचाळीस दिवसांचं ते युद्ध झालं आणि पुढच्या उन्हाळ्यात तिसऱ्या दालनात नवी भिंत उभी राहिली. आधीच्या युद्धांच्या फोटोंशेजारी आता गावातल्या पोरांचे फोटो आले. एकाची गिटार आली, एकाची चपटी टोपी. मग एका शुक्रवारी शोघाकात आली. बेकरीत लवाशच्या पातळ रोट्या भाजून भाजून तिचे हात कोपरापर्यंत तांबूस झालेले. त्या हातांत पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"साहेब, हा माझ्या वाहरामचा," ती संचालकांना म्हणाली. आमचे संचालक हमाझास्प, पोट सुटलेला, मनाने मऊ माणूस. "त्याच्या मित्राने आणून दिला. गेला त्या सकाळी आघाडीच्या ठाण्यावर पोराने कॉफी केली, प्यायला, आणि धुवायला वेळ मिळाला नाही. साका आत तसाच आहे, बघा."

कापडातून माझा भाऊ निघाला. तोच घाट, तोच सूर्य. तळाशी वाळून चिकटलेला काळा साका.

"आठ महिने पाण्याचा थेंब लागू दिला नाही मी," शोघाकात म्हणाली. "पण घरात थोरली सून आहे. पोर गुणाची, पण खरकटं भांडं दिसलं की तिचे हात शिवशिवतात. दोनदा हिसकावून घेतलाय तिच्याकडून. म्हटलं, म्युझियममध्ये ठेवावा. तिथे कोण धुणार?"

"ताई, इथे आम्ही धूळसुद्धा विचारून पुसतो," हमाझास्प म्हणाले.

पेटीची काच अजून बसायची होती. म्हणून त्यांनी भाऊ मागच्या खोलीत नेला आणि टेबलावर, ‘धुवू नये’ लिहिलेल्या कागदाशेजारी जपून ठेवला. मी त्याच टेबलावर होतो. पेर्चुही त्या दिवशी भाचीच्या बाप्तिस्म्याला गेलेली. तेव्हा हमाझास्पनी स्वतःच माझ्यात कॉफी उकळली, ओनिकने कानामागची पेन्सिल काढून ती ढवळली, आणि दोघांनी तास-दीड तास ओनिकच्या सासूची निंदा केली. मग मला न धुता तसाच टेबलावर ठेवून निघून गेले. पुरुषांची कॉफी अशीच संपते.

सोमवारी उद्‌घाटन होतं. जिल्ह्याचे पाहुणे अकराला येणार होते, ते दहालाच दारात हजर. आमच्याकडे पाहुणा बसला आणि कॉफी आली नाही, तर घराचं नाक कापलं जातं. पेर्चुही पळत मागच्या खोलीत आली.

"अगं बाई, पाहुणे आत आणि शेगडी थंड!" टेबलावर पाहिलं तर एक सोडून दोन जझवे, दोन्ही खरकटे. "दोन-दोन! हे साहेबांचंच काम. आपण उकळायचं, आपण ढोसायचं, आणि उष्टी मात्र पेर्चुहीने काढायची!"

तिने हात लांब केला. माझ्याकडे नाही, भावाकडे. तो जवळ होता, एवढंच. कागद वाऱ्याने केव्हाच खाली गेला होता.

मी पाहत होतो. तिने त्याच्यात सोडा टाकला, तारेचा चोथा घेतला आणि लहानपणापासून हाताला जी सवय, त्या सवयीने घासलं. काळं पाणी मोरीत गेलं. एका पोराची शेवटची सकाळ होती ती. मोरीने एक गुडगुड आवाज केला आणि संपलं.

तिकडे हमाझास्प आले. "पेर्चुही, वाहरामचा जझवे घेतो गं!" टेबलावर एकच खरकटा जझवे होता. त्यांनी खिशातून पांढरे हातमोजे काढले, घातले, आणि स्वतःचंच उष्टं भांडं नवजात बाळासारखं उचलून पेटीत ठेवलं. खाली पाटी लावली: ‘शिपाई वाहरामचा जझवे. तळाशी त्याने केलेल्या अखेरच्या कॉफीचा साका.’

पेर्चुही पाहुण्यांना कॉफी देऊन दालनात आली तेव्हा तिला मी दिसलो. माझ्या काठावर एक पोचा आहे, बारा वर्षं ती चमचा आपटायची तिथला. तो पोचा ती आंधळी झाली तरी ओळखेल. रिकामं तबक घेऊन ती पेटीकडे दोन पावलं गेली. पण पाद्री आले होते, लोक उभे होते, आणि काळ्या कपड्यांतली शोघाकात पेटीवर वाकून हळूच म्हणत होती, "आहे रे बाळा, आहे. कुणी धुतला नाही."

अशा वेळी कोण बोलेल? उद्या सांगीन, असं पेर्चुहीने ठरवलं असणार.

उद्याचा शनिवार झाला. शोघाकात दर शनिवारी यायला लागली. आमच्याकडे कॉफी प्यायली की कप बशीत उपडा घालतात आणि साक्यात पुढचं वाचतात. ज्याचं पुढचं उरलंच नाही त्याच्या भांड्यात कोण काय वाचणार? पण ती काचेला कपाळ लावून वाचायची.

"आज वाट दिसतेय गं पेर्चुही. वळण घेऊन वर जातेय. टोकाला कुणीतरी उभं आहे."

ती वाट ओनिकच्या पेन्सिलीची होती. टोकाला उभा होता तो लाकडाचा कपचा.

मग पेर्चुही तिला मागच्या खोलीत नेऊन कॉफी द्यायची. कशात केलेली, ते तुम्हाला कळलंच असेल. एकदा भिंतीपलीकडून मला ऐकू आलं:

"तुझ्या हातच्या कॉफीला घरच्यासारखी चव आहे गं. माझी मला का साधत नाही आता?"

"तुम्ही थकलात, ताई."

"थकले नाही. माझा जझवेच गेला ना."

आणि बशी फुटल्याचा आवाज.

पेर्चुहीचा अपराध मी सांगतोय खरा, पण माझं काय? बारा वर्षं मला फडक्याने धरलं, शेगडीवर आपटलं, उतू गेलो की शिव्या घातल्या. आणि आता शाळेच्या बाई म्हणायच्या, "मुलांनो, मान खाली," की तीस डोकी माझ्यापुढे झुकायची. मेणबत्त्या लागायच्या. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू? पहिले काही महिने लाज वाटली. मग वाटलं, कुणालातरी इथे बसायचंच आहे, मीच बसलो तर बिघडलं काय? पलीकडे भाऊ रोज उकळत होता, त्याचा वास दाराच्या फटीतून यायचा, आणि मी काचेत ऐटीत बसून त्याचा मान खात होतो.

अशी चार वर्षं गेली. यंदा ईस्टरनंतरच्या शनिवारी शोघाकात आली ती प्रवासाची शाल घेऊनच.

"साहेब, बिऱ्हाड हलतंय आमचं. थोरला परदेशी, रोस्तोव्हला कामाला आहे, सून-नातवंडंही निघाली. मी एकटी मागे राहून काय करू? जझवे मागत नाही मी, तो इथलाच. चिमूटभर साका तेवढा द्या. कापडात शिवून गळ्यात घालीन. मेले की माझ्यासोबत मातीत जाईल."

हमाझास्पच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुढच्या शनिवारी या, ताई. रीतसर उघडतो."

तो आठवडा पेर्चुही काही खात नव्हती. गालिचे झटकायची तर एकच गालिचा तीनदा. माझ्यासमोर येऊन उभी राहायची आणि ओठ हलवायची, जणू पाठांतर चाललंय.

शनिवार उजाडला. हमाझास्पनी किल्ली लावली, हातमोजे घातले, एवढ्यात पेर्चुही आडवी आली.

"थांबा साहेब. ताई, हा वाहरामचा नाही."

"काय बोलतेस?"

"पाहुणे आले होते त्या दिवशी. घाईत मी त्याचाच घेतला आणि... धुतला. हा आमच्या शेगडीवरचा आहे."

"म्हणजे मी हातमोजे घालून—" हमाझास्प.

"तुमचंच उष्टं उचललंत, साहेब."

शोघाकात त्यांच्याकडे पाहतच नव्हती. "मग त्याचा कुठे आहे?"

"आत. तुम्ही दर शनिवारी पिता ना, त्यात केलेली असते."

ती बाकावर बसली. मग विचारलं, "कशाने घासलास?"

"सोड्याने. आणि तारेने."

"तारेने? अगं, तांबं कुणी तारेने घासतं का!" आणि तिथे तिला रडू फुटलं. शेवटचा साका गेला त्यावर नाही, तारेवर.

मग ती उठली, मागच्या खोलीत गेली, भावाला दोन्ही हातांनी उचलून त्याच्या पोटात नाक घालून वास घेतला. "शेगडी लाव," म्हणाली, "आज मी करते." तिघांनी उभ्यानेच, गेलेल्याच्या नावाने घेतात तशी कपाला कप न लावता, कॉफी घेतली. तळाशी जो साका उरला तो तिने रुमालात काढून घेतला. जाताना पेर्चुहीला म्हणाली, "तुझी इडापिडा मला लागो, बाई. चार वर्षं हे पोटात घेऊन कशी निजत होतीस?"

असं झालं.

असं झालं असतं, तर मी आज तुमच्याशी बोलत बसलो नसतो. घंटेची थाप होती, सेनापतीची होती, तशीच हीसुद्धा. "थांबा साहेब" पासून पुढचं सगळं मी रचलेलं आहे. या पेटीत वेळ फार असतो, रोज थोडं थोडं जोडत गेलो. तारेचं रडणं तर मला परवाच सुचलं.

घडलं ते एवढंच. पेर्चुहीने तोंड उघडलं होतं. तेवढ्यात शोघाकात काचेवर वाकली आणि म्हणाली, "बघ गं, आज वाट कशी सरळ दिसतेय!"

पेर्चुही म्हणाली, "हो ताई. सरळ आहे."

हमाझास्पनी चाकूच्या टोकाने माझा तळ खरवडला. कापड पेर्चुहीने धरलं. शोघाकातला सुईत दोरा ओवता येईना, म्हणून टाकेही पेर्चुहीनेच घातले, बारीक, उसवणार नाहीत असे. मी हातमोज्यांतून घसरून फरशीवर पडू शकलो असतो. खणकन आवाज झाला असता, साका सांडला असता, काहीतरी झालं असतं. नाही पडलो. अंग चोरून बसलो. दुपारच्या गाडीने ती गेली. आता रोस्तोव्हमध्ये एक आई, हमाझास्प आणि ओनिकने सासूची निंदा करत प्यायलेली कॉफी गळ्यात घालून फिरते आहे.

माझ्या तळाशी चिमटीएवढी जागा उघडी पडली आहे. ऊन आलं की ती चमकते, आणि शाळेची मुलं नेमकी तिथेच बोट दाखवून विचारतात. पेर्चुही त्यांच्यावर ओरडते, "हात मागे!"

तुम्ही कधी इकडे आलात तर माझ्यापुढे मान झुकवू नका. उजवीकडच्या दारातून मागच्या खोलीत जा. पाहुणे आहात, पेर्चुही कॉफी देईलच. तिला काही विचारू नका. फक्त पहिला घोट घेताना, जमलं तर, वाहरामचं नाव मनात घ्या.