दांडीवरचा चमचा

आमची लेक मोठ्या माणसांना शिकवते. कारखान्यात, बँकेत, जिथे नवीन यंत्र आलं आणि जुनी माणसं त्याच्याकडे पाठ फिरवून बसली, तिथे हिला बोलावतात. तिचं म्हणणं असं, की चाळिशीनंतर माणसाला समजावत बसू नये, सवय लावावी. खूण झाली की हात चालला पाहिजे. बरोबर केलं की शाबासकी द्यायची, चुकलं की नुसतं गप्प राहायचं. डोकं मध्ये आलं की घोळ होतो म्हणे. मी तिला चिडवायचे, "अगं, माणसं शिकवतेस की पोपट?" मग ह्यांच्या गळ्याला भोक पडलं आणि मीच पोपटांच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

भोक म्हणजे खरंच भोक. घशातल्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि श्वासासाठी गळ्यात नळी बसवली. नळीत कफ साचतो, तो यंत्राने खेचून काढायचा. नाही काढला तर माणूस गुदमरतो. घरी नेल्यावर हे काम कुणी करायचं, तर मी. दुसऱ्याला इंजेक्शन देताना बघितलं तरी डोळे मिटून घेणारी मी!

वॉर्डातल्या सिस्टरांची तऱ्हा निराळी. त्यांनी तसलीच एक कोरी नळी माझ्या हातात ठेवली. "काकू, ही बाहेरची नळी, हिच्या आत ही दुसरी. आता मला सांगा, श्वास कुठून जातो?"

मी नळी खाली ठेवली. श्वास कुठून जातो हे कळलं, की तो कुठे अडेल हेही कळणार, आणि नेमकं तेच मला कळून घ्यायचं नव्हतं.

"बरं, कफ खेचायला गेलात आणि खेचायची नळी आत शिरलीच नाही, तर काय कराल?"

"तुम्हाला हाक मारीन."

"आणि मी नसले तर?"

माझे डोळे भरून आले. लेक पुढे झाली. "सिस्टर, आईला घाबरवू नका. मी बसवून देते तिच्या हातात." सिस्टर काहीतरी बोलणार होत्या, पण पलीकडच्या खाटेवरून त्यांना बोलावणं आलं.

लेकीने खरंच बसवून दिलं. ह्यांच्या खोलीत भिंतीवर तक्ता लावला. सकाळच्या चौकटीत लिहिलं: आतली नळी फिरवून काढायची, ब्रशने धुवायची, परत बसवायची. त्याखाली लाल अक्षरांत: बीप वाजली की कफ खेचायचा. ह्यांच्या बोटाला एक चिमटा असायचा, रक्तातला ऑक्सिजन उतरला की तो वाजायचा. लेक मोबाइलवर तसाच आवाज वाजवायची आणि मी पळायचे. यंत्राचं बटण, हातमोजा, नळी आत, अंगठा दाबून खेच, बाहेर. "शाबास, आई!" मला ते आवडायला लागलं, खोटं कशाला बोलू? साठीच्या बाईला शाबासकी देतं कोण? बघता बघता हात आपोआप चालायला लागले आणि भीती पळाली.

राहिला तो चमचा. हे म्हणजे पहिल्यापासून बोलघेवडे. ह्यांच्या घरात रेडिओची गरज नाही, असं माझी जाऊ म्हणायची. आता आवाज गेला, तर ह्यांनी स्टीलचा चमचा घेतला आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर ठोकायला सुरुवात केली. पंखा लावायला ठोका, पेपर द्यायला ठोका, काही नको असलं तरी ठोका. दर वेळी माझा जीव टांगणीला, धावत जावं तर हे पाटीवर लिहिणार, "चष्मा कुठाय?"

लेक म्हणाली, "आई, बाबा ठोकतात कारण तू जातेस. जाऊच नकोस. बीप वाजली तरच जायचं. आधी जास्त जोरात ठोकतील, मग आपोआप सुटेल."

अगदी तसंच झालं. आधी दांडी घणघणली. मी नळ सोडून भांडी घासत राहिले. दुपारी त्यांनी पाटी दाखवली, "बहिरी झालीस?" आम्ही मायलेकी पोट धरधरून हसलो. ते नाही हसले. मग ठोके कमी कमी होत गेले.

एका दुपारी मी दूध तापवत होते. चमचा वाजला. परत वाजला, जरा घाईघाईने. बीप नव्हती, म्हणून मी उभीच राहिले. मग ठोके थांबले, आणि मला बरं वाटलं. शहाणे झाले, म्हटलं.

दूध वर आलं. गॅस बंद केला, कप भरून खोलीत नेला.

ह्यांचा चेहरा काळानिळा पडला होता. छाती वरखाली होत होती, पण हवेचा आवाजच नव्हता. बोटाचा चिमटा निसटून जमिनीवर पडला होता. बोट नसलं की तो मुकाट बंद होतो, हे मला कुठे ठाऊक? चमचा अजून मुठीत होता.

कप कुठे ठेवला की फेकला, आठवत नाही. हात कामाला लागले. बटण, हातमोजा, नळी आत. नळी शिरेना. बाहेर काढली, पुन्हा पहिल्यापासून. बटण, नळी. शिरेना. पुन्हा. माझे हात काहीही चुकत नव्हते. ज्या ज्या गोष्टीला शाबासकी मिळाली ती ती ते करत होते, आणि माझा नवरा माझ्यासमोर मरत होता. मी ओरडले, "आता काय? आता काय करू?" हे माझ्याकडे बघत होते. मग डोळे फिरायला लागले.

आणि तेव्हा पहिल्यांदा मी विचार केला. नळीच्या आत नळी. श्वास आतल्या नळीतून जातो. माझी नळी शिरत नाही, म्हणजे आतलीच बुजली आहे. आणि ती काढायची कशी, हे मला येत होतं! रोज काढत होते मी. पण ते सकाळचं काम होतं, धुण्याचं काम, तक्त्यावरच्या वेगळ्या चौकटीतलं. ते श्वासाचंही काम आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. फिरवली, ओढली. वाळलेल्या डिंकासारखा गोळा तिच्या तोंडाशी अडकला होता. गळ्यातून शीळ वाजली. हवा आत गेली.

मी तिथेच फरशीवर बसून हंबरडा फोडला.

संध्याकाळी लेक आली. मी सगळं सांगितलं तसा तिचा चेहरा पांढरा पडला. तिने तक्ता उतरवला. मग सिस्टरांना फोन लावून माझ्या हातात दिला. आता मला सगळं ठाऊक आहे. श्वासनळीचं चित्र काढून दाखवीन. कुठे काय अडेल, का अडेल, अडलं तर आधी काय आणि मग काय, सिस्टरांनी कसंही विचारावं. भीती मात्र गेली नाही. उलट आता तिला नेमक्या जागा माहीत झाल्यात.

पण हे ठोकत नाहीत.

मी चमचा हातात देते. "अहो, ठोका. काही नको असलं तरी ठोका, मी येते." हे मान डोलावतात. काल दारातून बघते तर उशी सरकून मान वाकडी झालेली, श्वास घरघरतोय आणि चमचा छातीवर आडवा. "ठोकलं का नाही?" मी जवळजवळ किंचाळले. त्यांनी पाटीवर लिहिलं, "लक्षात आलं नाही."

आता रोज संध्याकाळी लेक त्यांच्या खाटेवर बसते. त्यांचा हात हातात घेऊन चमचा दांडीवर ठोकते, आणि मी स्वयंपाकघरातून धावत येते. "बघा बाबा, ठोकलं की आई येते." पुन्हा ठोकते. मी पुन्हा धावत येते. गुडघे दुखतात, तरी धावते. हे आमच्याकडे बघून हसतात, पाहुण्यांकडे बघून हसावं तसं.

"आता तुम्ही एकट्याने, बाबा," ती म्हणते आणि हात सोडते.

मी स्वयंपाकघरात गॅस बंद करून, नळ बंद करून उभी असते. काहीच ऐकू येत नाही.